बूस्टरच्या दुसऱ्या दिवशी

बूस्टर घ्यायला माझी ना नव्हती. तो आमच्या कॉलनीच्या समाजभवनात घ्यायला मात्र मी तयार नव्हते, कारण तिथला कॅम्प माझ्या दिरांनी लावला होता.

त्या पावसाळ्यात सरकारनं बूस्टर सगळ्यांना मोफत केला. यांचा आधीच झालेला, साठीच्या वरचे म्हणून. माझा राहिला होता. शाळेत आमच्या हेडमास्तरीणबाई रोज विचारायच्या, आणि मी रोज उद्यावर ढकलायची.

"मी सरकारी दवाखान्यात जाऊन घेते," मी म्हटलं.

"काहून? इथं घरामागं होऊन राहिलं ना," हे म्हणाले.

"तिथं भाऊजी असतील."

"असू दे. सुई काही तो टोचणार नाही तुले."

रायपूरच्या चौबे कॉलनीतलं आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली आम्ही दोघं, वर माझे धाकटे दीर आणि जाऊ. जिना बाहेरून. दिरांचं पंडरीच्या कापडबाजारात ठोक दुकान आहे आणि कॉलनीच्या समितीत ते कायम काहीतरी असतात. कधी अध्यक्ष, कधी सचिव. गणपती असो, होळी असो, गळ्यात बिल्ला घालून पुढे उभे. लोकांना ते फार आवडतात. मला ते डोळ्यांसमोर नको असतात, आणि त्याचं कारण त्याआधीच्या वर्षीच्या एप्रिलमधलं आहे.

त्या एप्रिलमध्ये आधी यांना ताप आला, मग मला. रायपुरात तेव्हा घरोघरी तेच चाललं होतं. दवाखान्यात खाट मिळाली नाही, म्हणून यांना घरीच पालथं झोपवून मी बोटाला लावायच्या मशीनवरचा आकडा बघत बसायची. दिरांनी लगेच जिन्याच्या खालच्या पायरीला आडवी सुतळी बांधली. मग शेतात फवारणी करतात तसला पंप कुठून तरी आणला आणि सकाळ-संध्याकाळ आमच्या दारावर, कडीवर, उंबऱ्यावर, माझ्या चपलांवर औषध मारायला लागले. दोरीवर वाळत असलेल्या माझ्या साड्यांचा रंग जागोजागी उडाला. तेही मी गिळलं असतं. भीती कुणाला नव्हती? पण त्यांनी आमचा कचरा थांबवला.

आमच्याकडे रोज सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते. भाऊजी फाटकापाशी उभे राहून गाडीवरच्या दीदीला म्हणाले, "नीचे वालों का मत उठाना. उनके यहाँ कोरोना है." मी खिडकीत होते. त्यांनी मला पाहिलं आणि मान फिरवली.

मग मागच्या अंगणात पिशव्या साचत गेल्या. रायपूरचा एप्रिल म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. दुपारी फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. माझं नाक पार मेलेलं होतं. फोडणी जळली तरी कळत नव्हतं, तर कचऱ्याचं काय कळणार? एका दुपारी आणखी एक पिशवी ठेवायला गेले, तर खालची पिशवी आपोआप हलताना दिसली. मला वाटलं उंदीर असेल. काठीनं ढोसलं तर ती फाटली आणि आतून अळ्या सांडल्या. पांढऱ्या, गुबगुबीत, एकमेकींवर चढणाऱ्या. काही आधीच बाहेर निघून स्वयंपाकघराच्या दाराकडे लागल्या होत्या. अंगात ताप, चार पावलं टाकली की धाप, अशात मी खराट्यानं त्या लोटल्या आणि वरून उकळतं पाणी ओतलं. पाणी ओतल्यावर त्या फुगल्या. वरच्या गॅलरीत भाऊजी नाकाला रुमाल लावून उभे होते. म्हणाले, "वहिनी, झाकून ठेवा ना ते. वर वास येऊन राहिला."

हे वाचले. मीही. उठून फिरायला लागल्यावर काही दिवसांतच हे मला वरच्या गॅलरीत भावाजवळ चहा पीत बसलेले दिसले. खाली आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "भेला होता वं तो. भेलेल्या माणसाचं काय मनावर घेतं?"

मला ते जमलं नाही. लोक समजतात की मी रागावलेली आहे. राग असता तर एकदा तोंड सोडून भांडले असते आणि मोकळी झाले असते. मला त्यांची किळस यायची, ताटात केस निघाल्यावर यावी तशी. जिन्यावर त्यांची चप्पल वाजली की माझ्या घशाशी यायचं.

तर शेवटी मी समाजभवनातच गेले. सरकारी दवाखान्यातली लस संपली असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, आणि यांनी छत्री हातात देऊन मला दाराबाहेर काढलं.

समाजभवनात आदल्या रात्री कुणाचं तरी बारसं होऊन गेलं होतं. कढईच्या तेलाचा, चुरगळलेल्या झेंडूचा आणि ओल्या सतरंजीचा वास आत कोंडलेला. नाक परत आलेलं होतं, तेही असं की आता नको तेवढं येतं. कोपऱ्यात कुणीतरी गुटखा थुंकून भिंत लाल केलेली, त्याच्याच खाली खुर्च्यांची रांग. मास्क सगळ्यांनी घातलेले, पण हनुवटीवर. माझ्या पुढचा माणूस खुर्चीवरून उठला तेव्हा प्लॅस्टिकवर त्याच्या पाठीच्या घामाचा ओला नकाशा उमटला होता. मी उभीच राहिले.

"अरे वहिनी, या ना, या," भाऊजींचा आवाज आला. गळ्यात निळ्या फितीचा बिल्ला, हातात बिस्किटांचे पुडे. माझ्या कोपराला धरून ते मला रांगेच्या पुढे घेऊन गेले आणि नर्सला म्हणाले, "सिस्टर, ये मेरी भाभी हैं. पहले इनको लगा दीजिए." मागं उभी असलेली एक म्हातारी बाई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, मी थांबते. पण तोवर सिस्टरनं माझी बाही वर केली होती.

"हाथ ढीला छोड़िए दीदी," ती म्हणाली. "आज-कल में बुखार आ सकता है. कुछ खाकर पैरासिटामोल लेना, पानी खूब पीना, और इस जगह को मसलना मत."

टोचलेलं कळलं नाही. कळलं ते भाऊजींनी मोबाईल वर धरलेलं. "वहिनी, इकडे पाहा. दोन बोटं करा." मी बोटं केली नाहीत. त्यांनी तसाच फोटो काढला. सिस्टरच्या पायाशी वापरलेल्या कापसाच्या बोळ्यांनी डबा भरून वाहत होता आणि त्यातला एक बोळा माझ्या साडीच्या काठाला चिकटून घरापर्यंत आला. फाटकात मला तो दिसला. मी तो काडीनं काढला, काडी टाकली, आणि मग नळावर किती तरी वेळ हात धूत राहिले.

संध्याकाळपर्यंत दंड जड झाला. पोळ्या लाटता येईनात, तेव्हा यांनी भात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आणि माझी जाऊ राजनांदगावला निघाले. चुलत सासूबाईंची तेरवी होती. मीही जाणार होते, पण अंग मोडून आलं होतं. भाऊजी कॅम्पचा दुसरा दिवस म्हणून मागं राहिले. निघताना जाऊबाईंनी स्टीलचा मोठा पेला आणून दिला. हळद, ओवा, गूळ, मिरी, आणखी कायकाय घातलेला काढा.

"पिऊन घ्या एका दमात," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं सगळ्यांना हाच दिला मी."

हे दारात खोळंबले होते. मी तो प्यायले. गढूळ पाण्यात गूळ विरघळवावा तसा लागला. पेल्याच्या तळाला ओव्याचा गाळ होता, तो जिभेवर चिकटला. त्यावर उपाशीपोटीच तापाची गोळी घेतली. सिस्टरनं सांगितलेलं मला आठवत होतं, पण काही चावायची इच्छाच नव्हती.

गाडी गेली आणि थोड्याच वेळात थंडी वाजायला लागली. पंखा बंद केला, दोन चादरी घेतल्या, तरी दात वाजत होते. बाहेर श्रावणातली चिकचिकी, आत मी चादरीत कुडकुडत. काखेत हात गेला तर सुपारीएवढी गाठ लागली. मी घाबरले. पुण्याला मुलीला फोन लावला. ती माझं मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीतच देते, लहानपणापासून.

"मम्मी, वो नॉर्मल है. वैक्सीन वाले हाथ की तरफ होती है, चली जाएगी. बुखार कितना है?"

"पाहिला नाही."

"पापा कहाँ हैं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "तो काका को बोलती हूँ."

"अजिबात नको," मी म्हटलं, आणि फोन ठेवता ठेवताच पोटातून उसळलं. न्हाणीघर चार पावलांवर होतं, पण उठता आलं नाही. सगळं दिवाणावर आणि खाली. पिवळा काढा, ओव्याचे दाणे, अर्धी विरघळलेली गोळी. गाऊनवर, हातावर, केसांत. हळदीचा तो वास आंबट होऊन इतका दाट पसरला की त्या वासानंच पुन्हा आलं. मी फरशीवर उतरले, पुसायला म्हणून, आणि तिथंच बसून राहिले. दंड उचलत नव्हता. माझ्याच अंगाचा मला इतका वीट आला होता की ते काढून कुठंतरी ठेवून देता आलं असतं तर बरं झालं असतं.

जिन्यावर चप्पल वाजली. मुलीनं फोन केलाच होता.

"वहिनी, येऊ का?"

"नका येऊ," मी म्हटलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. ते आत आले, माझ्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. कॅम्पला निघायचं म्हणून बिल्ला गळ्यातच होता. तो त्यांनी काढून खिशात टाकला, पँट वर दुमडली आणि मागच्या अंगणातून बादली आणि फडकं घेऊन आले.

"मी करते," मी म्हटलं.

"बसा तुम्ही."

त्यांनी ओकारीवर जुनी वर्तमानपत्रं टाकली, ती भिजली की सुपलीनं गोळा करायला लागले. निम्मं उचललं आणि त्यांना उबळ आली. तोंडावर हात दाबून ते बाहेर पळाले. फाटकाबाहेर नालीपाशी ते ओकत होते, ते मला आतून ऐकू येत होतं. बराच वेळ. मला वाटलं, आता भाऊजी येत नाहीत. ते आले. चूळ भरून, डोळे लाल, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत. आणि उरलेलं पुसायला बसले.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मला भरून आलं असतं. मला मात्र त्यांचे ते जाड हात माझ्या पोटातल्या घाणीत फिरताना बघवत नव्हते. वाटत होतं, हा माणूस आता आयुष्यभर याचे उपकार माझ्यावर ठेवणार.

"मले लहानपणापासून घाण सहन होत नाही, वहिनी," ते खाली बघतच म्हणाले. "दादाले विचारा."

ते बोलले नसते तर मीही बोलले नसते. भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटत होते. पण ते वाक्य ऐकलं आणि मी विचारलं, "म्हणून आमचा कचरा सडू दिला?"

फडकं थांबलं.

"त्यासाठी नाही."

"मग काहून?"

मी त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलले. एरवी बोलत नाही. माझं माहेर पुण्याचं.

त्यांनी फडकं बादलीत पिळलं. पुन्हा पिळलं. मग म्हणाले, "खरं सांगू? मले वाटलं दादा काही वाचत नाही. तुमचंही काही खरं नाही वाटलं. पंडरीत माझ्या बाजूच्या दुकानातला माणूस तसाच गेला होता, आणि मागून त्याची बायको. मी धरूनच चाललो होतो. वरती रडून घेतलं मी. हिले विचारा, जेवलो नाही दोन दिवस. रडून झालं, आन् मग म्हटलं, आता आपलं पाहावं. खालचं वर येऊ देऊ नये."

"आम्ही जिवंत असताना?"

"हव," ते म्हणाले.

गाडीवाल्या दीदीला सांगताना त्यांनी मान का फिरवली होती ते मला तेव्हा कळलं. मी त्यांना खिडकीत दिसले होते, पण त्यांच्या हिशेबी मी मेलेलीच होते. खाली हे पालथे पडून एकेक श्वास ओढत होते आणि वर भाऊ त्यांचं सुतक संपवून हात धूत होता. मी इतके दिवस समजत होते की हे सगळं भीतीनं झालं, आणि भीतीपुढं माणसाचं काही चालत नाही असं म्हणायची तरी सोय होती. आता तीही गेली.

"तुम्ही जा आता," मी म्हटलं.

"जातो. शिव्या द्यायच्या तर द्या. पण आधी पाणी घ्या." त्यांनी लिंबू पिळून साखर-मीठ घातलेलं पाणी तांब्यात आणून ठेवलं. "थोडं थोडं प्या, नाहीतर परत निघेल. मी पायरीवर आहो."

मी ते प्यायले. न पिऊन काय करणार होते? जीभ टाळूला चिकटली होती. मग उठून, भिंतीला धरत न्हाणीघरात गेले आणि एका हातानं केस धुतले. साबण लावला, परत लावला, तरी हळदीचा वास जाईना. कोरडे कपडे घातले तेव्हा कुठं माणसात आल्यासारखं वाटलं.

बाहेर पायरीवर भाऊजी फोनवर कुणाशी तरी बोलत होते. "अरे भाई साब, बूस्टर के बाद थोड़ा बुखार तो नॉर्मल है. घबराना नहीं. हमारे घर में भी आया है." आवाज अगदी बिल्ल्याचा. मी दार लावून घेतलं.

दुपारी त्यांनी पेज आणून दिली. वर स्वतः केली होती. तांदूळ अर्धवट शिजलेले, मीठ दुप्पट. पातेलं ओट्यावर ठेवून ते म्हणाले, "हे खाऊन मग गोळी घ्या. रिकाम्या पोटी नका घेऊ." आणि कॅम्पला गेले. मी उभ्या उभ्या चार घोट प्यायले, गोळी घेतली, दंडावर थंड पाण्याची घडी ठेवली आणि झोपले. उठले तेव्हा गाऊन घामानं चिंब होता आणि ताप उतरलेला होता.

हे संध्याकाळी आले. भाऊजींनी वरून काहीच सांगितलं नव्हतं. मीच सगळं सांगितलं, जेवताना. ओकारीचं सांगितलं, आणि मग त्या रडून घेतल्याचं. मला वाटलं, हे आता उठून वर जातील. निदान घास तरी खाली ठेवतील.

हे भात कालवत राहिले. मग म्हणाले, "मले माहीत आहे ते."

"कधीपासून?"

"बरा झालो तेव्हाच सांगितलं होतं त्यानं. चहा पिताना."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"तुले किळस आली असती त्याची."

"तुम्हाला नाही आली?"

यांनी तांब्यातून पाणी ओतून घेतलं. "आली ना," मग म्हणाले. "कप तसाच ठेवून देणार होतो. पण तो समोर बसून रडून राहिला होता, आन् मी जिवंत होतो. काय करतो?" त्यांनी माझ्या ताटात वरण वाढलं. "खा. दिवसभर पोटात काही नाही तुझ्या."

त्या संध्याकाळी मला यांचीही किळस आली, हे लिहून टाकलेलं बरं. इतकी वर्षं माझ्या ताटाशेजारी बसून जेवलेला माणूस, आणि तो गॅलरीत बसून स्वतःच्या मरणाची गोष्ट ऐकतो, चहा संपवतो, खाली येऊन मला म्हणतो, भेला होता वं तो. मी जेवले आणि ताटं उचलली. हे टीव्ही लावून बसले आणि आवाज मात्र बारीक ठेवला.

सकाळी बरं वाटत होतं. दंड दुखत होता, पण उचलत होता. पेजेचं पातेलं घासून ठेवलेलं होतं. दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे आईनं शिकवलेलं. साखरेचा डबा मी उघडलाही होता. तो बंद केला आणि पातेलं तसंच घेऊन जिना चढले.

जाऊबाईंनी ते हातात घेतलं आणि आत पाहिलं. भाऊजी गॅलरीत पेपर वाचत होते.

"हात दुखून राहिला का अजून?" त्यांनी विचारलं.

"कमी आहे."

"हलवत राहा," ते म्हणाले, "नाहीतर आखडते."

मी बरं म्हटलं आणि खाली आले. शाळेची वेळ झाली होती.